व्यवसाय : खालीलपैकी एक निवडा

विम्याचं पत्र आलं.
गेल्या वर्षी चारशे अकरा पौंड,
यंदा पाचशे अठ्ठ्याऐंशी.
गाडी तीच, राखाडी, अकरा वर्षांची,
डाव्या आरशाला काळी चिकटपट्टी.
गल्लीही तीच, हडर्सफील्डच्या चढावरची,
जिथे हँडब्रेक ओढून वर पुढची चाकं
फुटपाथाकडे वळवून ठेवावी लागतात.
नऊ वर्षांत एक ओरखडा नाही.
बदललाय तो एक शब्द,
आणि तोही मीच कळवला, मार्चमध्ये,
'काही बदल झाल्यास कळवावे' असं छापलं होतं म्हणून.

पडद्यावर एक चौकोन असतो.
बाण दाबला की सुटलेल्या रिळासारखी
यादी भराभर खाली उलगडते.
घंटा ओतणाऱ्याला तिथे जागा आहे,
जादूगाराला आहे,
घोड्याला नाल मारणाऱ्याला आहे.
व्हॉल्व्हच्या कारखान्यातला ड्राफ्ट्समन मध्येच कुठेतरी होता,
एकवीस वर्षं मी तिथे बोट ठेवत आलो.
आता सापडतो पार तळाशी,
अंत्यविधी करणाऱ्याच्या लगेच खाली.
इंग्रजी मुळाक्षरांची कृपा, दुसरं काही नाही.

बेकार.
आमच्या घरी हा शब्द पंख्याला लागायचा,
सिनेमाला, लग्नातल्या जेवणाला.
माणसाला लागलेला मी फारसा ऐकला नव्हता.

नोकरी होती तेव्हा रोज सव्वीस मैल,
काळोखात, धुक्यात, एम बासष्टवर
दोन ट्रकांच्या मधल्या फटीतून.
आता पंधरवड्यातून एकदा ब्रॅडफर्डला, तांदूळ आणायला.
जॉब सेंटरला तर पायीच जातो,
जाताना उतार आहे.
(येताना चढ आहे, पण येताना घाई नसते.)
गाडी दारात उभी असते,
वायपरखाली पानं कुजतात,
आणि ती उभी राहण्याचे
मी धावण्यापेक्षा जास्त पैसे भरतो.
कुणीतरी कुठेतरी हे गणित मांडलंय.
त्याचा आलेख मला बघायचाय,
निदान रेघ नीट ओढलीय का, एवढं तरी.

शेजारच्या डोरीनबाई निवृत्त.
त्यांची मायक्रा आमच्या भिंतीला
दोनदा टेकून गेली आहे, प्रेमानं.
त्यांचा हप्ता दोनशे नव्वद.
त्यांनी काम सोडलं.
माझं सुटलं.
व्याकरणातला एवढासा फरक,
दोनशे अठ्ठ्याण्णव पौंडांचा.

कल्याणी रात्रपाळीहून आली,
बूट न काढता पडद्यावर वाकली.
म्हणाली, घर सांभाळणारा, असं निवड की.
बघ, एकशे चाळीस कमी.
मी म्हटलं, खोटं लिहिलं आणि उद्या ठोकली
तर दमडी देणार नाहीत.
ती म्हणाली, खोटं?
माझ्या डब्यातली आमटी कोण करतं?
आणि झोपायला गेली.

मग मी फोनच लावला.
चाळीस मिनिटं सतारीसारखं काहीतरी वाजत होतं,
मध्ये मध्ये बजावत होते
की हे संभाषण ध्वनिमुद्रित होत आहे.
शेवटी एक मुलगी आली, कार्डिफची,
गोड, जराशी सर्दी झालेली.
जन्मतारीख विचारली, सांगितली.
गाडी रात्री कुठे असते, सांगितलं.
मग तिनं तेच विचारलं
जे साताऱ्याहून मेहुणे दर रविवारी विचारतात,
फक्त तिनं 'मग' लावलं नाही :
सध्या काय करता?

तोंड उघडलं.
काही आलं नाही.
ती वाट बघत राहिली,
त्यांना तसं शिकवलेलं असणार.

तेवढ्यात आत कुकरची तिसरी शिटी झाली,
लांब, खणखणीत.
मी म्हणालो, एक मिनिट हं,
गॅस बंद करून येतो.