आडवी वाढ

मिठबावच्या उतारावर पहिल्या वर्षी आम्ही लॉन अंथरलं.
पुण्याहून ट्रकातून आलं ते, गुंडाळ्या होऊन,
मांडवातल्या सतरंज्यांसारखं.
हेरवाडकरसाहेबांनी ड्रोन उडवून वरून फोटो काढला
आणि बेळगावात सगळ्यांना दाखवला.

शिमगा झाला, वारा समुद्रावरून सुटला, मीठ घेऊन.
आधी कडा पिवळ्या पडल्या, मग पोट.
वैशाखात टाच दाबली तर पापड मोडल्याचा आवाज यायचा.
पुढच्या पावसाळ्यात उरलीसुरली माती
विहिरीत उतरली.
चार महिने पंपातून चहा येत होता.

जयवंती मालंडकर रोजावर पाणी घालायला होती.
गुडघे गेलेले, म्हणून बसूनच सरकायची,
एक हात टेकून, दुसऱ्या हातात पाइप.
तिला उतार वरून कधी दिसलाच नव्हता.
ती म्हणाली,
"कोयनेल लाव. शेळी तोंड लावना नाय, मीठ लागना नाय,
आनी काय होया तुका?"

मला कोयनेल म्हणजे बंगल्याचं कुंपण,
चौकोनी कापलेलं, शाळेतल्या पोरांच्या डोक्यासारखं.
तसं मी बोललो.
ती हसली नाही. एक पान चुरून माझ्या नाकाशी धरलं.
कडू, औषधी,
ताप आलेल्या घराचा वास.

मग पहार. कातळाला कुदळ लागत नाही.
दोन हातांवर एक खड्डा, त्यात मूठभर सुक्या मासळीचा कुटा,
वरून शेणमाती.
आठवडाभर गावातली सगळी मांजरं उतारावर मुक्कामाला.
एकशे अठरा काड्या लावल्या, नऊ मेल्या.
हे माझ्या वहीत आहे.
जे वहीत नाही ते असं:
काडीला फांद्या फुटल्या की जयवंती एकेक फांदी
खाली वाकवायची, हळू,
रुसलेल्या पोराची मान वळवावी तशी,
"डोळो मातयेत घाल. वर दगड ठेव.
ह्येका वर जावक देव नको.
वर गेली की वारो खातलो."

साहेबांना दगड खटकले.
हिरव्यात तांबडे ठिपके, फोटोत घाण दिसतात म्हणाले.
मी म्हटलं, एक वर्ष.
ते म्हणाले, बिल पण मग एक वर्षाने.

उभं वाढणारं मी दर शनिवारी कोयत्याने छाटायचो.
छाटलेलं झाड थोडा वेळ गप्प बसतं,
मग कुशीतून निघतं, दोन्ही बाजूंनी.
पानांवर पान, पानाखाली सावली,
सावलीत पडलेली पानं, त्यांची माती.
श्रावणात विहीर पाहिली. तळ दिसत होता,
आणि तळाशी साहेबांचा हरवलेला चष्मा.

तिसऱ्या वर्षी दगड काढायला मी एकटाच गेलो.
जयवंती आता येत नाही. आचऱ्याला लेकीकडे असते,
फोनवर सल्ला देते आणि वर पैसे मागते.
काठीने उलटायचा दगड, आपल्यापासून लांब,
खाली फुरसं असतं. हेही तिनेच सांगितलेलं.
फुरसं एकच निघालं. आम्ही दोघंही मागे सरलो.
बाकी सगळीकडे मुळं,
पांढरी, दाट, जांभ्याच्या भोकांतून आरपार,
इतकी की काही दगड उचललेच गेले नाहीत.
कोणी कोणाला धरलंय ते कळेना.

खालच्या कडेला, जिथे उतार जास्त आहे,
दगडाऐवजी शिसं लागलं. जाळ्याचं.
एका दोरीत ओवलेली सहा वजनं, गाठी तशाच.
दगड तिथे ठरले नसतील, गडगडत गेले असतील विहिरीकडे.
तेव्हा कधीतरी, मला न सांगता,
तिने घरून आणलेली.

मी फोन केला. म्हटलं, तुमचं शिसं सापडलं.
"फांदी धरल्यान?"
धरली.
"मगे ठेय थंयच," ती म्हणाली.
मागे तिची नातवंडं भांडत होती.
"आनी गेल्या म्हयन्याचे तीनशे
अजून येवचे आसत."

मी पानं सारखी केली.
वर पांढरी फुलं आलेली, जांभळ्या मिशा बाहेर काढून,
जमिनीपासून वीतभर.
नीट बघायचं तर बसावं लागतं.