सी-चार

पाषाणच्या तळघरात, अठरा अंशांवर
चोवीस खळगे, चोवीस टांगलेले थेंब.
सोळांत साका, पाचांवर साय,
दोन अजून कोरे, नितळ.
आणि सी-चारमध्ये काहीतरी चकाकलं.

रेणावीकर सरांना फोन लावणार होते,
आधी सुई टोचली.
कट्‌कन वाजलं.
मीठ.
प्रथिन असं वाजत नाही,
ते ओल्या वडीसारखं मुकाट फुटतं.

सामू अर्ध्याने उतरवला. पेग पातळ केलं.
काचेच्या कडेला ग्रीस नवं.
वहीत: पुन्हा.
गुरुवारी वीज गेली, जनरेटर उशिरा लागला;
माझ्याबरोबर थेंबांनाही घाम.

फरशी पुसता पुसता खिलारेमामा म्हणाले,
"खडीसाखर धरायला दोरा सोडतात.
तुम्ही काय सोडता?"
काहीच नाही, म्हटलं.
मग आठवलं.

कँटीनच्या मांजरीची गळालेली मिशी,
धुऊन, पुसून,
जुन्या साक्यात बुडवली
नि नव्या थेंबातून ओढली.
एकच रेघ.

आज सोमवार.
रेघेवर तीन कण, कडा असलेले.
मोडून बघायला हवं.
सुई धुतली आहे, पुसली आहे,
बाजूला ठेवली आहे.
आधी चहा पिऊन येते.