उरलेली टेप

टाम्पेरेला, सायकलदुरुस्तीच्या दुकानामागे
इल्पो शुक्रवारी नव्या कॅसेटी काढतो
बुटांच्या खोक्यातून. यादी नाही, भाव नाही.
"ही ने," म्हणाला, "तिघी आहेत, मासळीच्या कारखान्यातल्या.
ड्रमवालीला अजून ड्रम येत नाहीत."

झेरॉक्सचं वेष्टन, काळं बोटांना लागतं.
बँडचं नाव खोडून वर दुसरं लिहिलेलं,
दोन्ही वाचता येतात.

घरी येऊन लावली. सात गाणी, नऊ मिनिटं.
गिटार म्हणजे फरशीवरून फरफटलेली लोखंडी खुर्ची,
आणि ती पोरगी जिवाच्या आकांताने ओरडते
घरभाड्याबद्दल,
साबणाला न जुमानणाऱ्या हातांच्या वासाबद्दल.
शेजारच्या ऐलीबाईंनी भिंत ठोकली.
त्यांचा ठेका ड्रमवालीपेक्षा बरा.

गाणी संपली.
मी उठणार, तोच
खालचं जुनं काहीतरी वर आलं:
कुणाचा तरी बाप अकॉर्डियन शिकवतोय,
एक दोन तीन, एक दोन तीन,
आणि एक मूल चुकतंय, हसतंय,
पुन्हा तिथेच चुकतंय.

मुद्दाम ठेवलं असेल त्यांनी?
की पुसायला गाणी पुरली नाहीत?

पुढच्या शुक्रवारी इल्पोला विचारीन म्हणते.
विचारणार नाही बहुधा.