टाकीवरची रेघ

नाव विकत घेतलं म्हणे.
कारखाना नाही, साचे नाहीत,
साचे तर केव्हाच किलोच्या भावानं
नाना पेठेत भंगारात गेले.
फक्त नाव: वारू.
एक काना, एक ऊकार,
त्याचे किती कोटी मोजले ते पेपरात आलंय.

फोन आला तेव्हा मी दापोडीच्या थांब्यावर,
हातात पेन्शनचा हयातीचा दाखला.
"धनाजी खैरे ना? काका, तुम्हीच ना
टाकीवर सोनेरी रेघ मारायचात?"

मारायचो.
भोसरीला, तीन नंबरच्या शेडमध्ये,
खारीच्या केसांचा ब्रश,
करंगळी टाकीला टेकवून, श्वास धरून,
हँडलपासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत
एका दमात.
दिवसाला चौसष्ट टाक्या. म्हणजे एकशे अठ्ठावीस श्वास,
दोन बाजू असतात टाकीला.

खिडकीबाहेर टेस्ट ट्रॅक.
तिथं सॅम्सन गायकवाड, प्रत्येक गाडीला दोन फेऱ्या.
कानानंच ओळखायचा,
"ही उपाशी आहे रे," म्हणायचा, आणि जेट बदलायचा,
"हिला अपचन झालंय," आणि पुन्हा बदलायचा.
त्याच्या डब्यात शुक्रवारी मासे,
माझ्यात शेंगदाण्याची चटणी,
डबे मात्र आम्ही उघडायच्या आधीच बदललेले असायचे.

मग गेटला कुलूप. अकरा महिन्यांचा पगार बाकी.
मग मी कासारवाडीत नंबरप्लेटा रंगवल्या,
रिक्षांच्या पाठीवर आईवडिलांचे आशीर्वाद लिहिले,
मग रेडियम आलं,
आशीर्वादही कातरून मिळायला लागले.

चाकणला न्यायला गाडी पाठवली त्यांनी.
काचेचं स्वागत, थंडगार कॉफी,
एक टी-शर्ट, माझ्या दोन मापं मोठा.
मृणाल नावाची मुलगी, डोळ्यांत झोप नसलेली,
मला फार आवडली. काम करणाऱ्याचे डोळे होते.
"धूर नाही आता, काका. किकही नाही. बटण."
मी म्हटलं, बरं झालं, पोटऱ्या वाचल्या लोकांच्या.

मग तिनं टाकी दाखवली.
तांबडी. तीच तांबडी.
"रेघ छापलेली आहे, पण तुमचीच.
मिरजेच्या एका डॉक्टरांकडे जुनी गाडी मिळाली,
एक ओरखडा नाही तिच्यावर. तीच स्कॅन केली."

चष्मा लावला.
खोबणीच्या चार बोटं आधी
रेघ जराशी जाड होते, खाली वाकते,
आणि पुन्हा वर येते,
ठेचकाळलेला माणूस
कुणी पाहिलं नाही ना बघत सरळ चालू लागतो तशी.

बुधवार होता. उद्या सुट्टी.
बाहेर दुसरी फेरी चालू होती
आणि आवाज मधेच तुटला.
कमी नाही झाला. तुटला.
कानाआधी हाताला कळलं.
सगळे ट्रॅककडे धावले, मीही,
ब्रश तसाच हातात,
सॅम्सनच्या शर्टावर सोनेरी लागला तो माझ्याच ब्रशाचा.
त्या गडबडीत ती टाकी परत धुतली गेली नाही,
पुढे सरकली, गाडीवर बसली, मिरजेला गेली.

"ही अशीच सगळ्यांवर?"
"हो. अठरा हजार बुकिंग आहेत.
का काका, चुकलंय काही?
एकच फाईल आहे. आत्ता सरळ करते."
तिचं बोट माऊसवर.

एका बोटाचं काम.
मला तर एक रेघ सरळ यायला तीन वर्षं लागली होती.

"नको," म्हटलं.
"ती तशीच असते."

परवा नाशिक फाट्याच्या सिग्नलला
माझ्या बसशेजारी एक नवी वारू येऊन थांबली.
पोरगं असेल विशीचं, कानात काहीतरी घातलेलं.
टाकीवरच्या त्या जागेवर
त्याचा अंगठा टेकलेला, सहज.
सिग्नल सुटला.
गाडी पिंपरीकडे वळली,
मी खिडकीतून मान बाहेर काढून ऐकत राहिलो
आवाज पूर्ण विरेपर्यंत,
शेवटपर्यंत,
कुठं तुटतो का ते.