पोटात आणि ओठांवर

तार्तू. जानेवारी. बाहेर उणे एकोणीस.
नदीवर बर्फ इतका जाड
की पलीकडे जायला आता पूल लागत नाही.
रात्रपाळीला मी एकटीच,
आणि यंत्रात केसाएवढ्या धारेतून
एकीमागे एक निघालेल्या पेशी.
निळा प्रकाश प्रत्येकीला थांबवून विचारतो,
अंगावर काय घातलंयस?

नळीवरचं नाव: तानेल. वय दोन वर्षं, चार महिने.
वर्षभरात चौथा न्यूमोनिया.
अर्जाच्या कोपऱ्यात डॉक्टर लेप्पचं पेन्सिलीतलं अक्षर:
"घसा पाहिला. टॉन्सिल जवळजवळ नाहीतच."
रक्तात बी-पेशी सापडली नाही,
म्हणून आज कमरेच्या हाडातली मज्जा.

निरोगी मज्जेतला रस्ता मला पाठ आहे.
आधी चौतीस नंबरची खूण,
टाळू न भरलेल्या बाळासारखी.
मग दहा. मग एकोणीस,
एकदा अंगावर चढला की
जवळजवळ शेवटपर्यंत न उतरणारा.
आणि आत, पोटातल्या पोटात,
जनुकाचे तुकडे कातरून, जोडून
जड साखळी विणली जात असते.
हलकी अजून झालेली नसते,
म्हणून उसना जोडीदार घेऊन
ती ओठांवर येते आणि विचारते, जमलं का?
आतून उत्तर यावं लागतं: जमलं. वाढ.
तेवढ्या एका होकारावर
एकीच्या दोन, दोनाच्या चार.

मग हलकी साखळी येते, एम येतो,
डी येतो मागाहून.
स्वतःच्याच माणसांना चावणारी निघाली
तर हलकी बदलून पाहायची मुभा असते.
तरी चावलीच, तर तिचं नाव कुणी काढत नाही.
उरलेल्या, दहाचं झबलं टाकून,
विसाचा अंगरखा घालून
रक्तात उतरतात.

तानेलच्या पडद्यावर
एकोणीसच्या काठाशी नुसती गर्दी.
सगळ्या दाराशी उभ्या.
दारापलीकडे काळं.
विसाच्या चौकोनात काही नाही.
एमच्या चौकोनात काही नाही.
मी नळी धुतली. नवी कुपी फोडली.
पुन्हा लावलं.
पुन्हा काळं.

आपण म्हणतो, पोटात एक, ओठांवर एक.
इथे तसंही नाही.
ओठ हलले होते, प्रश्न नीट विचारला होता,
आतला निरोप्याच नव्हता.
एक प्रथिन,
एका अक्षराची चूक.

दुसऱ्या नळीत त्याच्या आईचं रक्त.
हिल्या. बस चालवते, सकाळची पाळी.
तिला साधी सर्दीसुद्धा फारशी होत नाही.
बाईच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स, त्यातला एक झोपलेला,
कुठे हा, कुठे तो, जशी नाणेफेक.
पण हिच्या बी-पेशींत सगळीकडे एकच झोपलाय.
बिघडलेला जागा ठेवणाऱ्या
दाराशीच संपल्या, कधीच्या,
आणि चांगल्या पेशींनी ती जागा भरून काढली
तिला एका शब्दानंही न कळवता.
अहवालात मी लिहीन: वाहक.
वाहकच ती, पहाटे पाच चाळीसची.

पुढच्या महिन्यापासून दर चार आठवड्यांनी
तानेलच्या शिरेत एक पिशवी रिकामी होईल,
हजारो अनोळखी माणसांच्या रक्तद्रवाची.
खलाशी असतील त्यात, शिक्षिका,
सुतार, नोकरी सुटलेला कुणी.
त्यांच्या जुन्या तापांची आठवण
थेंबथेंब.
त्यांच्याही पेशींच्या ओठांवर
हेच होतं कधीतरी.
आता ओठांवेगळं झालेलं, वाहतं.

साडेचार वाजले.
पन्नास हजारांत तीन ठिपके मात्र
त्या काळ्या चौकोनात दिसतायत.
धूळ असेल.
बहुतेक धूळच.
पुसायची कळ माझ्या बोटाखाली आहे
आणि बोट उचललेलंच राहिलंय.