खिळा

गावात पंक्चरचं दुकान एकच, आमच्या बाबांचं.
आणि वच्छलाताईंची लुना हातात घ्यायची नाही
हे त्यांना पारावर सांगून झालं होतं.

ती मंगळवारी यायची, आर्वीकडून,
हँडलला अडकवलेल्या खताच्या पिशवीत रजिस्टर.
दारोदार एकच विचारणं: घर कोनाच्या नावावर हाय, बाई?
बाया हसायच्या.
इंदूकाकू म्हणाली, भांड्यावर हाय ना माहं नाव!
गंज उलटा करून पाहिला,
नाव तिच्या भावाचं निघालं, लग्नात दिलेला.
ताईंनी तेही लिहून घेतलं.

पुरुष म्हणायचे, घरं फोडते.
नवऱ्यानं टाकलेली, तिले दुसरं काय काम.
हे खरं होतं.
म्हणजे, टाकलेली होती हे.

त्या दिवशी अंधार पडल्यावर
ती लुना ढकलत आमच्या दारावरून गेली.
थांबली नाही.
चपला वाजत होत्या, आणि रिम.
बाबा जेवत होते.
आईनं न मागता त्यांच्या ताटात आणखी एक भाकर टाकली
आणि मला म्हणाली, बॅटरी घे.

नाल्याच्या पुलाशी गाठलं.
आईच्या हातात पान्हा मी आधी कधी पाहिला नव्हता,
पान्ह्याला मात्र ती ठाऊक असावी.
घमेल्यात नाल्याचं पाणी. ट्यूब दाबत गेली.
बुडबुडे आले तिथं तिनं बोट ठेवलं,
माझा ताप पाहायची तसं.
टायरमधून बाभळीचा काटा निघाला नाही.
खिळा निघाला, दीड इंची,
आमच्याच डब्यातला.
तो तिनं पदराच्या गाठीत बांधला.

ताईंनी दहाची नोट काढली.
"पैसे नोको. लिहा."
काय लिहू?
बॅटरीचे सेल उतरत आले तरी आई गप्प.
मग म्हणाली, "देवका."
पुढचे दोन रकाने तिनं रिकामे सोडायला लावले.

सकाळी बाबांनी ठिगळं मोजली.
पुन्हा मोजली.
आईनं चहाच्या बशीशेजारी खिळा ठेवला
आणि गोठ्यात निघून गेली.

आठ-अ वर तिचं नाव चढायला पुढं अकरा वर्षं गेली,
ती वेगळी गोष्ट.
पुढच्या मंगळवारी लुना आली तेव्हा
बाबा मान वर न करता म्हणाले,
"मागच्या चाकात हवा कमी हाय."
पंप काही उचलला नाही त्यांनी.
तो आईनं उचलला.