पंचेचाळीस अंशात

सोहारच्या यार्डात पगाराची शीट मी भरतो.
नाव, बॅज नंबर, हुद्दा, तास, रियाल.
शेवटून तिसऱ्या ओळीत मी स्वतः:
टाइमकीपर. बी.ए., इतिहास, द्वितीय श्रेणी.

माझ्या पदवीच्या पाठीवर पाच शिक्के आहेत.
मंत्रालय, दिल्ली, वकिलात...
त्या शिक्क्यांपायी वडिलांनी ठेव मोडली,
आणि एकाही साहेबाने कागद उलटून
पुढची बाजू वाचली नाही.

नझीर मुकादम, दाभोळचा, आठवी नापास.
शीटवर माझ्या बारा ओळी वर.
माझ्या पगाराला दोनाने गुणा, वर चाळीस घाला.
पहिल्या वर्षी तो आकडा टाइप करताना
बोटं जरा जोरात आपटायची.

मग नवं काम आलं, त्याची नवी परीक्षा, आणि मी बघायला गेलो.
पाईप बांधलेला पंचेचाळीस अंशात तिरका.
फिरवायचा नाही, हलवायचा नाही;
आपणच त्याच्याभोवती फिरायचं,
गुडघ्यावर, कुशीवर, पाठीवर पडून,
वितळलेलं लोखंड ओघळू न देता.
रोजे चालू होते. सावलीत सत्तेचाळीस.
नंतर जोडाचा एक्स-रे.
फिल्म उजेडाला धरून इन्स्पेक्टर उभा.
हवेचा मोहरीएवढा बुडबुडा दिसता
तर परवाचं विमान.
नव्हता.
आठवीत काय झालं, ते फिल्मने विचारलं नाही.

"भूमितीत गेलो," संध्याकाळी खजूर पुढे करत तो म्हणाला,
"कोन समजायचे नाय."

सोपान नवा हेल्पर, औशाचा, शंभर रियाल.
शीटवर डोकावतो:
या शंभरात नि त्या तीनशेऐंशीत नेमकं असतं काय हो?
तीन मिलिमीटरची फट, मी म्हणतो.
तेव्हापासून रोज रात्री भंगारातले तुकडे सांधत बसतो,
आणि डोळे चुरचुरतात म्हणून
बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपतो.

सगळंच त्या फटीत मावत नाही,
हे त्याला अजून सांगितलेलं नाही.
तोच पाईप, तोच कोन, तशीच स्वच्छ फिल्म,
पण ॲबरडीनहून आलेल्या माणसाची शीट वेगळी असते.
ती माझ्या टेबलावर येत नाही.

नझीरची सनद सहा महिन्यांची.
तेवढ्यात हात चालला नाही तर कागद मेला.
दर सहामाहीला मीच लिहितो: कामात खंड नाही.
माझी पदवी कधीच शिळी होत नाही.
कोणी खातच नाही.

शुक्रवारी कपडे वाळत घालताना त्याने विचारलं,
इतिहासात शिकवतात तरी काय?
मी म्हटलं, तुझ्या दाभोळला याच समुद्रातून घोडे यायचे.
घोड्यांचे भाव कागदांत सापडतात,
सोबत आलेल्या मोतद्दाराचा पगार
मला कुठेच सापडला नाही.

त्याने लुंगी झटकली, चिमटा लावला.
"म्हणजे," म्हणाला, "शीट भरणारा कोणी नव्हता."